हिशेबाची प्रणाली कोणाच्या हातात?



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी सोडून संगणकावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण शिवारात फिरताना हल्ली खोडव्याइतकीच चौकशी हिशेबाची होते. आपले बरेच सभासद उसाबरोबर दुसरेही काही करतात. कोणी रावेर-यावलकडे केळीच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक आहे, कोणाची जळगावात डाळमिल आहे, कोणाचे ठिबक व पाईपचे दुकान, तर धुळ्याकडे कोणी जिनिंगमध्ये भागीदार. सन २०२० मध्ये केंद्र सरकारने १०,००० शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना आणली आणि गावोगाव कंपन्या निघाल्या. कंपनी काढणे सोपे, दप्तर ठेवणे अवघड.

आपल्या कारखान्याचेच उदाहरण घेऊ. ऊस नोंद करताना लागण तारीख, जात व क्षेत्र एकदाच लिहिले जाते. त्यावरून तोडणी कार्यक्रम लागतो. गाडी काट्यावर आली की भरलेल्या व रिकाम्या गाडीचे वजन होते, काटापावतीवरून बिल बनते, बिलातून सोसायटीची कपात होते आणि उरलेली रक्कम बँकेत जमा होते. वजन लिहिले एकदाच, पण पोहोचले पाच ठिकाणी. कंपनीच्या सर्व कामाला हीच साखळी लावली की तिला व्यवसाय व्यवस्थापन प्रणाली म्हणायचे, व्यवहारात ‘ईआरपी’. खरेदी, गोदाम, विक्री, येणे-देणे, जीएसटी, सगळे एकाच नोंदीतून निघते. छोट्या कंपन्यांत याच्या उलट असते. खरेदीची वही एकाकडे, गोदामाचा तक्ता दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये आणि खतावणी तालुक्याच्या कर सल्लागाराकडे. मार्चअखेर तिन्हींचा मेळ बसत नाही.

बरे, प्रणाली घेतली तरी ती कोणाच्या ताब्यात राहते हे पाहिले पाहिजे. माझ्या माहितीतल्या एका कंपनीने शहरातून प्रणाली करून घेतली. करून देणारा गाव सोडून गेला, फोन लागेना, वार्षिक परवान्याची मुदत संपली आणि कंपनीला स्वतःच्याच मागल्या वर्षाच्या खरेदीच्या नोंदी उघडता येईनात. शेतकऱ्यांना दरातील फरक वाटायचा होता, तो चार महिने अडकला. माल यांचा, वजने यांची, कुलूप मात्र दुसऱ्याचे!

‘ओपन सोर्स’ म्हणजे मुक्त स्रोत प्रणालीत हे कुलूप नसते. तिची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असते. ती वापरावी, तपासावी, गरजेप्रमाणे बदलावी, दुसऱ्यालाही द्यावी. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ही चळवळ सुरू केली आणि जीपीएल नावाचा परवाना तयार केला. त्यात अट एवढीच की, तुम्ही बदल करून प्रणाली पुढे दिलीत तर घेणाऱ्यालाही हेच हक्क द्यायचे. आपल्या भाषेत सांगायचे तर हे को ८६०३२ च्या बेण्यासारखे आहे. शेजाऱ्याच्या मळ्यातून बेणे आणले म्हणून कोइमतूरच्या संस्थेला दरवर्षी पैसे भरावे लागत नाहीत, आणि पुढच्या साली लावू की नको हेही कोणाला विचारावे लागत नाही.

अशी एक चांगली प्रणाली आपल्या मुंबईतच तयार झाली. नाव ईआरपीनेक्स्ट. रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या व्यवसायाला लागणाऱ्या प्रणालीपासून सुरुवात केली व २००८ मध्ये कंपनी काढली, जी आज फ्रॅपे नावाने ओळखली जाते. ईआरपीनेक्स्ट जीपीएल परवान्याखाली खुली आहे. बेंगळुरूची झिरोधा ही शेअर दलालीतील मोठी कंपनीसुद्धा आपल्या अंतर्गत कामाला ती वापरते. जीएसटीसाठी ‘इंडिया कम्प्लायन्स’ नावाची स्वतंत्र जोड आहे, तीही मुक्त स्रोतच. हे महत्त्वाचे, कारण ५ कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना नोंदणीकृत व्यापाऱ्यास करपात्र माल विकताना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस काढावे लागते. पडद्यावरचे शब्द मराठीत करता येतात. भाषांतर सगळीकडे सारखे नाही, पण न रुचलेला शब्द आपला आपण बदलता येतो.

केळी कंपन्यांना तर लॉटची सोय फारच उपयोगी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परदेशी खरेदीदार खोके कोणत्या शेतातले हे विचारतो. खरेदीच्या वेळीच लॉट नंबर टाकला तर शेतकऱ्याच्या नावापासून गाडीपर्यंतचा माग एका जागी सापडतो.

शिवारफेरीत एका सभासदाने विचारले, “साहेब, फुकट शे तर मग गोम काय?” प्रश्न रास्त आहे. परवाना फुकट, काम फुकट नाही. बेणे शेजाऱ्याने दिले तरी बेणेप्रक्रिया, लागण, भरणी आपल्यालाच करावी लागते, तसेच हे. प्रणाली चालवायला संगणक किंवा भाड्याची जागा लागते, सुरुवातीची मांडणी करणारा जाणकार लागतो, कारकुनाला शिकवावे लागते आणि रोजची नोंद रोज टाकावी लागते. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड! ज्याचे दुकान एकट्याचे आहे, महिन्याला दहा-वीस बिले होतात, त्याने या भानगडीत पडू नये; टॅली किंवा साधी कीर्दवही त्याला पुरे.

दुसरे असे की, मुक्त म्हणून मिळणारे सगळेच सारखे नसते. बेल्जियमची ओडू ही प्रणालीही नावाजलेली आहे, पण २०१५ पासून तिचे दोन भाग झाले. खुल्या भागात पूर्ण हिशेब विभाग मिळत नाही, तो पैसे भरून घ्यावा लागतो. त्यात गैर काही नाही, पण घेण्याआधी कोणता भाग खुला आहे हे लेखी विचारून घ्यावे.

कायद्याची बाजूही संचालकांनी ध्यानात घ्यावी. संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या प्रणालीत, कोणी केव्हा काय बदलले याची बंद न करता येणारी नोंद १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची आहे. शेतकरी उत्पादक कंपनीही कंपनीच, तिला सूट नाही. ईआरपीनेक्स्टमध्ये पक्की केलेली नोंद रद्द करून नव्याने करावी लागते आणि जुनी ‘रद्द’ म्हणून दिसत राहते. मात्र रद्द नोंदी काढून टाकण्याचा अधिकार कोणाला द्यायचा, हे आपल्या ऑडिटरला विचारूनच ठरवावे. मुख्य पासवर्ड एकाच पोराजवळ ठेवू नये. तो बंद पाकिटात अध्यक्षांकडेही असावा, नाहीतर कुलूप पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेले.

आपल्या विकास सोसायट्यांची गोष्ट वेगळी. केंद्राने २०२२ मध्ये ६३,००० सोसायट्यांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली व नाबार्डमार्फत एकच समान प्रणाली ठेवली, त्यामुळे तेथे निवडीचा प्रश्न नाही. कंपन्यांना निवड स्वतः करायची आहे. जाणकार माणूस शोधायला पुण्या-मुंबईलाच गेले पाहिजे असे नाही. फैजपूर, शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकलेली मुले गावोगाव आहेत. मूळ आज्ञावली खुली असल्याने एक गेला तरी दुसरा काम उचलू शकतो.

ज्यांना घ्यायची आहे त्यांनी १ एप्रिलपासूनच सुरुवात करावी. मागच्या पाच वर्षांचे व्यवहार भरत बसू नये; फक्त येणे, देणे व मालाची आरंभीची शिल्लक घ्यावी. पहिले तीन महिने जुनी वही सोबत चालवावी आणि दर शनिवारी दोन्हींचा मेळ घालावा. नोंदींची प्रत रोज निघते का आणि ती दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडते का, हे एकदा स्वतः उघडून पाहावे. ३१ मार्चला गोदाम प्रत्यक्ष मोजून संचालकांच्या सह्या घ्याव्यात. आरंभीची शिल्लक तोच आकडा धरावा.

— ऊस विकास अधिकारी