आपल्या नावाची वही

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर रनाळ्याहून मामांचा निरोप आला, "भाचा, सवड काढून ये. कागदांचं काम आहे." नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या दरम्यानचे हे गाव माझे आजोळ. गेलो, तर मामा ओसरीवर मान खाली घालून बसलेले. ठिबकसाठी त्यांनी कर्ज मागितले होते आणि ते नाकारले गेले होते. कारण काय, तर त्यांच्या नावावर एका महागड्या मोबाइलचे हप्ते थकले होते! मामांच्या खिशातला फोन बटणांचा आणि तोही थोरल्या मुलाने रोख पैसे देऊन आणलेला. सोसायटीचे पीककर्ज मार्चअखेरच्या आत भरायचे, मग भले मामींच्या पाटल्या गहाण पडोत, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. "मन्हा काय गुन्हा?" एवढेच ते पुटपुटले.

खोदून विचारल्यावर उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी बाजारच्या दिवशी एक गोडबोल्या तरुण 'योजनेचा अर्ज' म्हणून त्यांच्याकडून आधारची झेरॉक्स व फोटो घेऊन गेला होता आणि जाण्यापूर्वी एका यंत्रावर त्याने मामांचे बोटही टेकवून घेतले होते. योजना आलीच नाही. आली ती थकबाकी.

मराठीत 'पत' या एकाच शब्दात अब्रू आणि उधारी दोन्ही सुखाने नांदतात. पूर्वी ही पत गावाच्या तोंडी असे. आता तिची रीतसर वही झाली आहे. २००५ च्या कायद्याने पतमाहिती कंपन्यांना मान्यता मिळाली. अशा चार कंपन्या आपल्या देशात आहेत. त्यांतल्या थोरलीचे 'सिबिल' हे नाव आता खेड्यापाड्यांत पत या अर्थानेच चालते. आपण कुठे कर्ज काढले, हप्ता कधी भरला, कुणाला जामीन राहिलो, हे सारे तिथे उतरते आणि त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण मिळतात. गंमत अशी, की ही वही आपल्या नावाची असूनही ती आपण सोडून सगळे वाचतात!

न वाचलेल्या कागदाने माणसाचे काय होते, हे महाराष्ट्राने पूर्वी पाहिले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख होता तो खतपत्रांवर. ती हाती लागताच त्यांची होळी झाली. निरक्षर कुणब्याला आपण कशावर निशाणी केली हेच कळत नसे. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने गावोगावी निबंधक नेमण्याची तरतूद केली आणि कर्जाचे दस्त त्यांच्यासमोर व्हावेत असे ठरवले. सही करण्याआधी मजकूर कळला पाहिजे, एवढाच त्यामागचा साधा विचार होता.

पुढे काळ बदलला. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला, तो मुंबई-दिल्लीत नव्हे, तर आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातील टेंभली गावात. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी तिथे आले होते. ज्याला कुणी ओळख विचारत नव्हते त्या माणसाला ओळख मिळाली, ही मोठीच गोष्ट झाली. पण घराला दार आले की कडीही हवी. २०१८ साली तेलंगणात उघडकीस आलेल्या एका प्रकरणात जमिनीच्या दस्तांवरील अंगठ्यांवरून रबरी ठसे तयार करून परक्यांच्या नावाने सिमकार्डे चालू केलेली आढळली. अंगठा तोच; फक्त आता तो उमटवायला अंगठ्याच्या धन्याची गरज उरली नाही.

तेव्हा कडी कशी लावायची? आधारची प्रत द्यावीच लागली, तर शेवटचे चार आकडेच दिसतात अशी झाकलेली प्रत द्या. झेरॉक्सवर काम आणि तारीख आडवी लिहून सही करा. बोटांच्या ठशांना आधारच्या संकेतस्थळावरून कुलूप लावता येते. ते लावा आणि गरजेपुरते उघडा. फोनवर आलेला ओटीपी म्हणजे आजचा कोऱ्या कागदावरचा अंगठा. तो जावयालाही सांगू नये. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे सरकारच्या 'संचार साथी'वर पाहता येते. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवा. इथे घटकाभराचा उशीरही महाग पडतो.

पतीची निगा राखणे त्याहून सोपे आहे. हप्ता तारखेआधी भरावा. एकाच वेळी दहा दारी अर्ज करू नयेत. भिडेखातर जामीन राहू नये. कर्ज फिटले की बेबाकी दाखला मागून घ्यावा. तडजोडीने कमी रक्कम भरून मोकळे झालात, तर तीही नोंद वहीत राहते, हे ध्यानात ठेवावे. आणि मुख्य म्हणजे, प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मागवून वाचावा. चूक दिसली तर लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याचा आपला हक्क आहे.

मामांसाठी आम्ही हेच केले. पोलिसांत तक्रार दिली, कर्ज देणाऱ्या कंपनीला आणि पतमाहिती कंपनीला पत्रे धाडली. महिना-दीड महिन्याने ती नोंद पुसली गेली. पण तोवर हंगाम हातचा गेला होता. मामींनी मात्र तो अहवाल देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

दिवाळीत व्यापारी वहीपूजन करतो. पूजेआधी तो वही उघडून बघतो, म्हणून त्याचे चालते. आपल्याकडे दुकान नसेल, पेढी नसेल. पण नाव तर प्रत्येकालाच आहे. यंदा लक्ष्मीपूजनाच्या पाटावर हळदकुंकू वाहण्याआधी, वाचकहो, आपल्या नावाची वही एकदा उघडून वाचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चष्मा देऊन शेजारी बसवा आणि त्यांचीही वाचून दाखवा. मामांना मी दोन वर्षे आधी ती वाचून दाखवली असती, तर त्यांच्या शेतात यंदाच ठिबकच्या नळ्या दिसल्या असत्या.