लोणारहून सहारला : विमानतळावरून माणूस आणताना

मोठ्या विमानतळाच्या आगमनदारासमोरचा रस्ता गाडीत बसण्यापुरता असतो, वाट पाहण्यासाठी नसतो. हे लक्षात न आल्यामुळेच आणायला गेलेल्यांची निम्मी धावपळ होते आणि शिट्टी फुंकणाऱ्या पोलिसाशी वाद झडतो. हिशेब साधा आहे. दारासमोर एका वेळी वीस गाड्या मावतात असे धरू. प्रत्येक गाडी दोन मिनिटांत हलली तर तासाभरात ६०० गाड्या माणसे घेऊन निघतात. प्रत्येक गाडी दहा मिनिटे थांबली तर फक्त १२०. रस्ता तेवढाच, विमानेही तेवढीच. ‘आत्ता येतीलच हो’ म्हणत उभी राहिलेली प्रत्येक गाडी मागच्या रांगेचा वेळ खात असते.

म्हणून जगभरच्या विमानतळांनी वाट पाहण्याची जागा दारापासून तोडली आहे. लंडनच्या हीथ्रोवर टर्मिनलसमोर सोडायला जाता येते, घ्यायला जायचे तर वाहनतळातच शिरावे लागते. अमेरिकेत बऱ्याच विमानतळांबाहेर फुकट थांबण्याचे मैदान असते. न्यू जर्सीतली मराठी मंडळी आईवडिलांना आणायला नेवार्कला जातात तेव्हा तिथेच गाडीत बसून फोनची वाट पाहतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावरून वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी ये-जा करतात. तिथे हे काम बहुमजली वाहनतळ करतो. सहारचे टर्मिनल २ हे फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाले. त्याच्या समोरच्या या वाहनतळात सुमारे ५,००० गाड्यांची सोय आहे. शुल्क वेळेप्रमाणे वाढते आणि ते वाचवण्यासाठी काही जण बाहेर फेऱ्या मारत राहतात. पण सहारच्या उन्नत मार्गावरून एकदा बाहेर पडले की गाडी थेट पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागते, आणि तिथून पुन्हा वळून यायला लागणारा वेळ नि इंधन पाहता ही काटकसर महागच पडते.

लोणारसारख्या गावाहून निघणाऱ्या कुटुंबाला हा प्रश्न वेगळ्याच मापाने सोडवावा लागतो. अंधेरीत राहणारा माणूस विमान उतरल्यावर घरून निघाला तरी चालते. लोणारकराला विमान आखातातून किंवा युरोपातून सुटायच्या आधीच निघावे लागते. मेहकर किंवा सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर चढायचे आणि चारशेच्या आसपास किलोमीटर जाऊन भिवंडीजवळच्या आमणेला उतरायचे, असा हा रस्ता. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. पूर्वी जालना, छत्रपती संभाजीनगर, नाशिक करत सगळा दिवस रस्त्यात जात असे, तो त्रास वाचला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. आमणेपर्यंतचा अंदाज त्यामुळे बराचसा बरोबर येतो. फसवतात ते पुढचे चाळीस-पन्नास किलोमीटर. भिवंडी, ठाणे आणि मुंबईची वाहतूक संध्याकाळी किती वेळ घेईल, हे कोणताही नकाशा दुपारी सांगू शकत नाही. दोन तासांची मोकळीक ठेवून निघावे, आणि ती शिल्लक राहिलीच तर ठाण्याच्या अलीकडे जेवणात खर्च करावी.

तारखेचा घोळ याहून मोठा. परदेशातली पुष्कळ विमाने मुंबईत मध्यरात्रीनंतर उतरतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ००.४०’ असे छापलेले असते, म्हणजे १४ तारखेची रात्र. लोणारहून गाडी १४ तारखेला दुपारीच सुटायला हवी. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, विमान कंपनीचा मध्यरात्री. आणि घरात ‘पंधराची रात्र’ म्हणजे काय, यावर दोघांची दोन मते निघतात. निरोप देताना ‘१४च्या रात्री, १५ उजाडण्याआधी’ असे सांगितले की प्रश्न मिटतो.

विमान उतरणे आणि माणूस बाहेर येणे यांतही अंतर असते. धावपट्टीवर चाके टेकल्यावर विमान जागेवर लागायला दहा-पंधरा मिनिटे सहज जातात. मग दार उघडणे, लांबलचक चालणे, इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा आणि शेवटी कस्टम. एकाच सुमाराला तीन-चार मोठी विमाने उतरली असतील तर रांग दुप्पट होते. देशांतर्गत प्रवासी साधारण अर्ध्या तासात बाहेर येतो, परदेशाहून आलेल्याला तास-दीड तास लागू शकतो. विमान कुठवर आले हे आता मोबाइलवर दिसते, आणि पश्चिमेकडून येणारी विमाने पाठीवरच्या वाऱ्यामुळे कधी वेळेआधीही पोचतात. तरीही गाडी दारात नेण्याची वेळ एकच : प्रवासी सामान घेऊन कस्टमच्या पलीकडे आल्यावर.

ते कळवायला प्रवाशाचा फोन चालू हवा. परदेशी सिम भारतात चालेलच असे नाही, आणि विमानतळाच्या वाय-फायला बऱ्याचदा ओटीपी लागतो. तेव्हा भेटीची जागा आधीच ठरवावी. ‘बाहेर उभे आहोत’ याला सहारला काहीच अर्थ नाही. वाहनतळाचा मजला, खांबाचा क्रमांक, गाडीचा रंग आणि नंबर हे प्रवासी विमानात बसण्यापूर्वीच त्याच्याकडे गेले पाहिजे; मजला आयत्या वेळी बदलला तर फोटो काढून पाठवावा. टर्मिनलही विचारून घ्यावे. सांताक्रूझचे टर्मिनल १ आणि सहारचे टर्मिनल २ एकाच विमानतळाचे असले तरी रस्त्याने वेगळी आहेत. शिवाय ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाची भर पडली आहे. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर जुने, ‘एनएमआय’ असेल तर नवे. ही तीन अक्षरे न पाहता निघणे म्हणजे खाडीच्या भलत्या बाजूला जाऊन उभे राहणे.

गाडी कोणती न्यावी, याचा विचार फारसा होत नाही. अमेरिकेहून येणाऱ्या माणशी बहुधा तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा असतात. दोघे आले की चार. सात आसनी गाडीची मागची रांग माणसांनी भरली तर बॅगा ठेवायला जागा उरत नाही, आणि सीएनजीच्या गाडीची डिकी टाकीनेच अडवलेली असते. लोणारहून आजी, काका आणि दोन पोरे हौसेने विमान बघायला निघतात. हौस रास्त आहे. पण त्यांना टर्मिनलच्या आत सोडत नाहीत आणि परतीला बॅगा मांडीवर येतात. भाड्याची गाडी असेल तर ती पिवळ्या नंबरप्लेटची असावी. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीने भाडे मारणे नियमबाह्य आहे.

परतीचा प्रवास रात्रीच सुरू करण्याचा मोह आवरलेला बरा. दुपारपासून गाडी हाकणारा चालक पहाटे तीनला समृद्धीच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर पुन्हा बसतो, तेव्हा डुलकी लागायला एवढे पुरते. १ जुलै २०२३ उजाडण्याआधी सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा जीव गेला, तोही दीड-दोनच्या सुमारास. दुसरा चालक सोबत घ्यावा, नाहीतर ठाण्याकडे चार तास लॉजवर झोपावे.

मुंबईला न जाण्याचाही एक पर्याय आहे. प्रवाशाने पुढचे विमान घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याला उतरावे. हा विमानतळ शहराच्या पूर्वेला जालना रस्त्यावरच असल्याने लोणारची गाडी शहरात न शिरता तीन तासांच्या आसपास पोचते, विमाने थोडी असल्याने दारातली गर्दीही थोडी. मात्र परदेशी सामान मुंबईतच कस्टममधून सोडवून पुन्हा जमा करावे लागते, आणि मध्यरात्री उतरलेल्याला सकाळच्या विमानापर्यंत थांबावे लागते. वयस्कर माणूस एकटा येत असेल तर ही धावपळ त्याच्यावर टाकण्यापेक्षा सहारला गाडी नेणेच योग्य; तरुण प्रवासी एका बॅगेनिशी येत असेल तर चिकलठाणा स्वस्त आणि सोपे.