तेंदूचे वेड

विडीच्या पानामुळे तेंदूचे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु या झाडाला फळ येते आणि त्या फळासाठी माणसे जीव टाकतात, हे शहरवासीयांच्या गावीही नसते. महाराष्ट्रात या झाडास टेंभुर्णी म्हणतात.

बालाघाट जिल्ह्यात, विशेषतः बैहरकडील रानात, हे फळ वैशाखाच्या सुमारास पिकते. आकार लहान लिंबाएवढा, साल पिवळसर व कडक, देठाशी वाळकी टोपी. आत गोड पिवळा गर असतो खरा, पण थोडा, बियाच फार. हिशेबी मनुष्य याला फळ म्हणावयासही तयार होणार नाही.

शिवाय उतावळेपणास येथे शिक्षा आहे. कच्च्या फळात टॅनिन हे तुरट द्रव्य असते. ते लाळेतील प्रथिनांना जखडून ठेवते, जिभेचा ओलावा हरपतो आणि तोंड आखडून जाते. याच कुळातील जपानी काकी फळाचीही हीच तऱ्हा. फळ पुरते पिकले, की टॅनिन लाळेत विरघळेनासे होते आणि झाकलेली गोडी प्रकट होते. म्हणून जाणता रसिक फळ तोडीत नाही, झाडाखाली पडलेले वेचतो. अस्वलालाही हे फळ प्रिय आहे. तेव्हा पहाटे पाऊल जपूनच टाकावे लागते!

सृष्टिशास्त्रज्ञ वॉलेस याची कथा अशीच आहे. ड्युरियन या फळाचा उग्र दर्प त्याला प्रथम सोसवला नाही. पुढे बोर्निओत जमिनीवर पडलेले पक्व फळ त्याने उघड्यावर बसून खाल्ले आणि तो त्याचा भक्तच झाला. केवळ त्या चवीसाठी पूर्वेचा प्रवास करावा, असे त्याने १८६९ च्या आपल्या प्रवासग्रंथात लिहिले. काही फळे माणसाकडे येत नाहीत. माणसालाच त्यांच्याकडे जावे लागते.

बैगा आणि गोंड कुटुंबांना तर हे फळ दारीच लाभते, आणि तेही घरातील धान्य आटत आलेले असते अशा दिवसांत. त्यांच्या प्रीतीत भुकेचाही वाटा आहे.

बाजारात मात्र मान पानाला. मध्य प्रदेश सरकारने १९६४ साली कायदा करून पानांचा व्यापार आपल्या नियंत्रणाखाली आणला. पन्नास पानांच्या पुड्याला दर ठरतो, फळाला कोणी विचारीत नाही. कोवळी, रुंद पाने मिळावीत म्हणून झुडुपे मुळाशी छाटतात, आणि अशा झुडुपांना फळ धरत नाही. मग पाने तोडावयास गेलेल्या बाया परतताना एखादे जुने उंच झाड गाठतात आणि मुलांसाठी चार तेंदू पदरात बांधून आणतात.