जागेवरची सायकल आणि आपले गुडघे

गुडघे कुरकुरू लागले, साखर वाढली किंवा वजनाचा काटा पुढे सरकला की डॉक्टर हमखास सांगतात, "सायकल चालवा." सल्ला चांगलाच आहे. सायकलीवर शरीराचा बराचसा भार सीट पेलते, त्यामुळे धावताना बसतो तसा दणका गुडघ्याला बसत नाही. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याचा ताणही हलका होतो. पण सीट किती उंच ठेवायची, हँडल कुठे हवे, पहिल्या दिवशी किती वेळ चालवायची, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात, तालुक्याच्या गावांतूनसुद्धा, आता जिम झाल्या आहेत. काही ठिकाणी दुपारी किंवा सकाळी फक्त महिलांची बॅच असते. पडदा पाळणाऱ्या आपल्या भगिनींसाठी ही मोठी सोय. रस्त्यावर सायकल चालवणे ज्यांना जमत नाही किंवा आवडत नाही, त्यांना चार भिंतींत, बायका-बायकांत व्यायाम करता येतो. अनेक घरांत सोलापूर-लातूरहून आणलेली नवी किंवा कुणाकडून घेतलेली जुनी व्यायामाची सायकल हॉलच्या कोपऱ्यात उभी दिसते. (तिच्यावर ओढण्या वाळत घातलेल्याही दिसतात, तो भाग वेगळा.) मशिदीत सफेच्या कडेला मांडलेल्या खुर्च्या पाहिल्या की गुडघ्यांचा प्रश्न किती घरांत पोहोचला आहे ते कळते. जमिनीवर कपाळ टेकून सजदा करता यावा, तशह्हुदला नीट बसता यावे, एवढ्याच इच्छेने सायकलीवर बसणारे कितीतरी जण आहेत. त्यांनी दोन महिन्यांनी अधिक दुखरे गुडघे घेऊन घरी परतावे, याचे आम्हाला वाईट वाटते. आमच्या ओळखीच्या एका आपांच्या बाबतीत तेच झाले. सायकल चांगली होती, नियमितपणाही होता. सीट मात्र चार बोटे खाली होती आणि दोन महिन्यांत ती कुणी एकदाही पाहिली नाही.

या चुकीचे मूळ आपल्या रस्त्यावरच्या सवयीत आहे. लहानपणी आपण सायकल शिकलो ती पाय जमिनीला टेकला पाहिजे या हिशेबाने. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या, त्यांच्या सीटही घरच्यांनी अशाच खाली करून दिल्या असतील. गर्दीत, खड्ड्यात, एसटीच्या हॉर्नला दचकून थांबताना पाय टेकलाच पाहिजे. तिथे ते शहाणपणाचे आहे. पण खोलीतली सायकल पडत नाही, तिथे पाय टेकायचा प्रश्नच नाही. तरीही आपण सवयीने सीट खालीच ठेवतो. मग पायडल वर येते तेव्हा गुडघा छातीकडे दुमडतो आणि त्याच अवस्थेत जोर लावावा लागतो. गुडघ्याच्या वाटीमागे दाब वाढतो. एका मिनिटात पाय सत्तर-ऐंशी वेळा फिरतो, म्हणजे अर्ध्या तासात दोन हजारांहून जास्त वेळा तोच चुकीचा दाब.

बरोबर उंची काढायला यंत्र लागत नाही. सायकलीशेजारी सरळ उभे राहा आणि कमरेच्या कडेचे हाड हाताने चाचपा. सीट साधारण त्या हाडाच्या पातळीवर आणा. मग वर बसा, चप्पल-बूट जे घालून चालवणार तेच घाला, आणि टाच पायडलवर ठेवून ते सर्वांत खाली न्या. पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, पण त्यासाठी कंबर एका बाजूला झुकता कामा नये. आता टाचेऐवजी पायाचा पुढचा रुंद भाग, बोटांच्या मागचा, पायडलवर ठेवा. गुडघ्यात हलकासा वाक राहील. जाणकार तो २५ ते ३५ अंशांचा असावा असे सांगतात. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर पहिला संशय सीट खाली असण्याचा. मागच्या बाजूला ओढ बसत असेल किंवा चालवताना ढुंगण डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट जास्त वर गेली आहे.

सीट पुढे-मागेही सरकते, हे पुष्कळांना माहीतच नसते. दोन्ही पायडल जमिनीला समांतर आणा, म्हणजे एक पुढे, एक मागे. पुढच्या पायाचा गुडघा पायडलच्या मधल्या दांड्याच्या बरोबर वर यायला हवा. घरात ओळंबा नसला तरी दोऱ्याला किल्ली बांधून तपासता येते. गुडघा फार पुढे गेला तर सीट मागे घ्या.

हँडलबाबत तरुण मुलांचे ऐकू नका. शर्यतीतल्या सायकलस्वारासारखे खाली वाकून बसायला त्यांना आवडते. आपण नवखे असू, कंबर दुखत असेल, पोट सुटलेले असेल तर हँडल सीटच्या बरोबरीने किंवा थोडे वरच ठेवावे. कोपर किंचित वाकलेले, खांदे कानापासून दूर, हात नुसते टेकलेले. हँडलवर शरीराचा भार टाकून मनगटे बधिर झाली, तर मांडणी चुकली आहे असे समजावे. बसण्याच्या नाजूक भागात मुंग्या येणे, बधिरपणा येणे हेही चुकीच्या बैठकीचे लक्षण आहे. बायका लाजेने हे बोलत नाहीत आणि सहन करत राहतात. सीटचे नाक वर उचललेले असेल तर ते सपाट करावे. मधून मधून काही सेकंद उठून दाब मोकळा करावा. तेवढ्याने फरक पडला नाही तर डॉक्टरांना विचारावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

हे यंत्र आले कुठून

वर्गात संगीताच्या तालावर चालवतात त्या सायकलीची गोष्ट मजेशीर आहे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला आणि कॅलिफोर्नियात राहणारा जॉनी गोल्डबर्ग हा सायकलपटू ऐंशीच्या दशकात 'रेस अक्रॉस अमेरिका' या शर्यतीची तयारी करत होता. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर अंतर. घराबाहेर सराव अवघड झाला तेव्हा त्याने घरातच एक जागेवरची सायकल तयार केली. पुढे त्यातून 'स्पिनिंग' या नावाचे वर्ग निघाले आणि नव्वदच्या दशकात श्विन कंपनीने ती सायकल बाजारात आणली. याच शर्यतीत २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ उतरले आणि नऊ दिवसांच्या मुदतीत त्यांनी ती पूर्ण केली. सांगायचे ते असे, की हे यंत्र मुळात पट्टीच्या खेळाडूसाठी बनले आहे. चाळिशीतल्या, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच व्यायामाला निघालेल्या बाईसाठी ते वापरायचे तर शिकवणाराही तितका जाणता हवा.

त्या सायकलीच्या पुढे एक जड लोखंडी चाक असते, बहुधा १८-२० किलोच्या आसपास. आपल्या रस्त्यावरच्या सायकलीचे पायडल थांबवले तरी चाक फिरत राहते. इथे तसे नाही. पाय थांबवले तरी पायडल फिरतच राहतात आणि पायाला ओढून नेतात. म्हणून ताण वाढवायचा गोल खटका दाबला की चाक थांबते, हे बसण्याआधी प्रत्येकीला दाखवले पाहिजे. ताण अगदी शून्यावर ठेवून भन्नाट वेगाने पाय फिरवण्यात मर्दुमकी नाही. चाकच पाय फिरवते आणि गुडघ्याला हिसके बसतात. सपाट रस्त्याच्या चालीला मिनिटाला ८० ते ११० आणि चढाच्या चालीला ६० ते ८० फेऱ्या, असे स्पिनिंगचे माप आहे. नवख्यांनी खालच्या आकड्यापाशीच राहावे.

आणि ओढणी. लांब ओढणी, दुपट्टा, अबायाचा घेर, सैल शलवारीची मोहरी, सुटलेली बुटाची नाडी, यातले काहीही त्या चाकात किंवा पायडलात अडकू शकते. गळ्याभोवतीची ओढणी अडकली तर काय होईल हे सांगायला नको. केवळ महिलांची बॅच असेल तर ओढणी बाजूला ठेवावी. डोके झाकायचेच असेल तर टाके घातलेला, टोके नसलेला हिजाब घालावा आणि शलवारीच्या जागी पायाला बसणारी पँट. घरच्या सायकलीजवळ लहान मुलांना फिरकू देऊ नये. फिरत्या चाकात मुले बोट घालतात.

पहिला दिवस

२०१७ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डॉक्टरांनी एक लेख लिहिला. सायकल वर्गानंतर स्नायू विरघळल्यासारखे तुटण्याच्या, ज्याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात, अशा तोवर नोंदल्या गेलेल्या ४६ घटना त्यांनी गोळा केल्या. त्यातल्या ४२ माणसांचा तो पहिलाच वर्ग होता. मांड्या सवयीच्या नसताना तासभर झोकून दिले की स्नायूंचे तंतू तुटतात, त्यातले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडात अडकते. हे दुर्मिळ आहे, पण ते ताबडतोब दिसत नाही. एक-दोन दिवसांनी मांड्या सुजतात, कडक होतात, जिना उतरवत नाही आणि लघवी काळ्या चहासारखी होते. ही लघवी दिसली की गोळी घेऊन झोपायचे नाही, थेट जिल्हा रुग्णालय किंवा जवळचे मोठे हॉस्पिटल गाठायचे.

म्हणून पहिल्या दिवशी वीस मिनिटे पुष्कळ झाली. बोलता येईल एवढाच दम लागू द्यावा. शिक्षक "अजून, अजून" ओरडत असला तरी उतरण्याचा हक्क आपला आहे. सुरुवातीची पाच-सात मिनिटे हळू, शेवटची पाच मिनिटे हळू, हे सोडू नये. छातीत दाब, चक्कर, अंधारी, नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर तिथेच थांबावे. गरज पडली तर १०८ ला फोन.

रमजानमध्ये हे अधिक जपावे लागते. असरनंतर, दिवसभराच्या तहानेवर जोरदार वर्ग करणे चुकीचे. शरीरात पाणी कमी असताना वर सांगितलेला धोका वाढतो. करायचेच तर इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी, हलके आणि पाणी पिऊन. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोजातल्या व्यायामाबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे आणि एरवीही पिशवीत साखर किंवा खजूर ठेवावेत. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यातही, पारा चाळिशीपार गेलेला असताना, पत्र्याच्या शेडमधला दुपारचा वर्ग टाळलेलाच बरा.

शिकवणारा कोण

डॉक्टरला परिषदेची नोंदणी लागते. जिममध्ये शिकवणाऱ्याला असा परवाना लागत नाही. जो स्वतः कसलेला दिसतो तो शिक्षक होतो. केंद्र सरकारच्या कौशल्य विकास व्यवस्थेत खेळ आणि फिटनेससाठी वेगळी कौशल्य परिषद आहे आणि तिने फिटनेस ट्रेनरसाठी ठरवून दिलेला अभ्यासक्रम आहे. तेव्हा फी भरण्याआधी प्रमाणपत्र कुठले, असे शांतपणे विचारावे. राग आला तर तेही उत्तरच आहे.

पण भिंतीवरच्या चौकटीपेक्षा आम्ही दुसऱ्या गोष्टीकडे बघू. शिक्षिका स्वतःच्या सायकलीवर बसून फक्त आरशात पाहून ओरडते, की खाली उतरून प्रत्येकीजवळ जाते? नवीन आलेल्या बाईला वर्ग सुरू होण्याच्या दहा मिनिटे आधी बोलावून तिची सीट लावून देते का? बीपी, हृदय, गरोदरपण, जुने ऑपरेशन याबद्दल विचारते का? कॅनडात तयार झालेली सात प्रश्नांची एक साधी प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती मराठीत छापायला एक पानही लागत नाही. बेशुद्ध पडून श्वास थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचे शिक्षण तिला आहे का?

चांगले शिकवणे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. सारिका काळे याच मातीतल्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्या भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार होत्या आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या मैदानावर मुलगी आली की तिला आधी पळवत नाहीत. चौकात बसायचे कसे, पाय कुठे, वजन कुठे, उठायचे कसे, हेच आधी घोटून घेतात. सायकलीच्या वर्गाने तेवढीच शिस्त पाळली तरी पुष्कळ आहे.

रील पाहून आलेल्या कसरतींना मात्र साफ नकार द्यावा. चालू सायकलीवर हँडलवर जोर काढणे, हातात डंबेल घेऊन पायडल मारणे, उलटे पायडल, ढुंगण सीटच्या वर अधांतरी धरून ठेवणे, दोन्ही हात सोडणे. मूळ स्पिनिंगच्या शिकवणीतही यांना मनाई आहे. दिसायला झकास, उपयोग नगण्य, आणि पडणार आपण.

सार्वजनिक बागांत बसवलेल्या खुल्या व्यायामशाळांतल्या सायकलींची बहुतेक ठिकाणी सीट हलतच नाही. फार बुटक्या किंवा उंच माणसाने त्यावर पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नये. त्यापेक्षा बागेत चालावे. घरची सायकल असेल तर सीटच्या दांड्याचा खटका पूर्ण आत बसला आहे का, दांडा कमीत कमी खुणेपेक्षा वर ओढलेला नाही ना, हे रोज पाहावे. मोठ्या कंपन्यांचेही चुकते: २०२३ मध्ये अमेरिकेत पेलोटन कंपनीला सुमारे २२ लाख सायकलींचे सीटचे दांडे बदलून देण्याची घोषणा करावी लागली, कारण चालवताना ते मोडत होते. जुनी सायकल घेताना तर दांड्याला तडा, गंज, ढिला नट हे आधी बघा, रंग नंतर.

जिमच्या सायकलीच्या दांड्यांवर बहुधा आकडे किंवा भोके असतात. एकदा आपली मांडणी जमली की सीटची उंची, सीट पुढे-मागे आणि हँडल, हे तीन आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा. घरात सासू, सून आणि शाळेतली मुलगी एकच सायकल वापरत असतील तर तिघींचे आकडे कागदावर लिहून हँडलला चिकटवा, आणि बसण्याआधी प्रत्येकीने आपले लावून घ्यावे.