पत्रा उलगडतो, पण हिशेब कोणाचा?

यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत, किंवा पुसद, वणी, दारव्ह्याच्या रस्त्यालगतच्या शेडमध्ये, पत्र्याचं काम हंगामावर चालतं. उन्हाळ्याच्या तोंडावर कुलरच्या बॉड्या आणि टाक्या. कापूस यायच्या आधी जिनिंगचे डक्ट, हॉपर, सायक्लोन. पूर्वी मिस्त्री पत्र्यावरच रेघोट्या मारून डेव्हलपमेंट काढायचा. आता ग्राहक व्हॉट्सअॅपवर स्टेप फाइल पाठवतो आणि म्हणतो, "तयारच आहे, फक्त उलगडून कापायचं." फाइल उघडते, जॉब फिरवून बघता येतो, पण 'फ्लॅट पॅटर्न'चं बटण काही दाबलं जात नाही. मग ग्राहक सॉफ्टवेअरला नावं ठेवतो, ऑपरेटर फाइलला. दोघांच्याही तक्रारीमागे काही पक्के गैरसमज असतात.

गैरसमज पहिला: फाइलमध्ये पत्र्याची माहिती असतेच.

नसते. स्टेप हे आयएसओ 10303 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, 1994 पासून चालत आलेलं. एका कॅडमधला आकार दुसऱ्यात न्यायचा, हा त्याचा उपयोग. नेहमीच्या स्टेप फाइलमधून पृष्ठभाग, कडा, कोपरे अचूक येतात. हा जॉब कोणत्या क्रमाने रेखाटला, घडी कुठे घातली, त्रिज्या किती धरली, हा इतिहास मात्र मागे राहतो. सॉफ्टवेअरला समोर दिसतो तो एक भरीव ठोकळा, योगायोगाने पातळ असलेला. तो पत्रा आहे हे त्याला आपणच सांगायचं असतं. सॉलिडवर्क्समध्ये 'कन्व्हर्ट टू शीट मेटल' घेऊन स्थिर बाजू, घडीच्या कडा आणि फाडायच्या कडा दाखवाव्या लागतात. फ्यूजन आणि इन्व्हेंटरमध्येही रूपांतराची अशीच पायरी आहे.

इथे एक खाच आहे. सॉलिडवर्क्स या पायरीत नवा पत्रा घडवतं आणि जाडी आत धरायची की बाहेर, हे विचारतं. चुकीची दिशा निवडली, तर समोरासमोरच्या दोन बाजू धरून जॉब जाडीच्या दुपटीने फुगतो. पडद्यावर ते लक्षात येत नाही, जोडणीच्या वेळी येतं. म्हणून रूपांतर झालं की बाहेरचं माप मूळ फाइलशी ताडून बघायचं.

गैरसमज दुसरा: पातळ दिसतं ते सगळं उलगडतं.

उलगडण्यासाठी जाडी सगळीकडे एकसारखी हवी, घडीतसुद्धा. आतली त्रिज्या 2 मिमी आणि पत्रा 2 मिमी असेल तर बाहेरची त्रिज्या 4 मिमीच हवी. बाहेरून आलेल्या फाइलींत पुष्कळदा आत-बाहेर एकच त्रिज्या दिलेली असते, नाहीतर कोपरा दोन्हीकडून धारदार असतो. रेखाटणाऱ्याला आकार दाखवायचा होता, पत्रा वाकवायचा नव्हता. अशा घडीत जाडी बदलते आणि साधन हात टेकतं. उपाय सोपा आहे: त्या गोलाया काढून टाकायच्या आणि रूपांतर करताना सॉफ्टवेअरलाच नव्याने घालू द्यायच्या. बंद पेटी असेल, कुलरच्या टाकीसारखी, तर कोपरे फाडल्याशिवाय ती पसरणार नाही.

दुसरी अडचण भूमितीची आहे आणि तिच्यावर महागड्या लायसन्सचाही इलाज नाही. संत्र्याची साल ताणल्या-फाडल्याशिवाय टेबलावर सपाट बसत नाही. दोन दिशांनी वळलेला पृष्ठभाग न ताणता सपाट होऊ शकत नाही, हे गाउस या जर्मन गणितज्ञाने 1827 सालच्या निबंधात सिद्ध केलं. दाबून खोलगट केलेलं झाकण किंवा पंख्याभोवतीचं घंटेसारखं कडं याच जातीचं. त्यासाठी कोणी 'फ्लॅट पॅटर्न' काढून दिलाच, तर तो अंदाज समजायचा.

सायक्लोनचा शंकू मात्र एकाच दिशेने वळतो, म्हणून तो उलगडतो. जिनिंगच्या डक्टमधला चौकोनातून गोलाकडे जाणारा तुकडाही उलगडतो, कारण नीट काढला तर तो सपाट त्रिकोण आणि शंकूच्या फाका यांचाच बनतो. तोच तुकडा फाइलमध्ये मुक्तवक्र पृष्ठभाग म्हणून आला तर साधन नकार देतं, कारण अनेक साधनांना सपाट आणि दंडगोल भागांपलीकडे फारसं ओळखता येत नाही. तिथे दुरुस्तीच्या नादी न लागता दोन्ही टोकांची मापं घेऊन तुकडा नव्याने काढावा. वेळ वाचतो.

गैरसमज तिसरा: सॉफ्टवेअरने काढलेली लांबी म्हणजे अंतिम लांबी.

सगळ्यात जास्त पत्रा या समजुतीपायी वाया जातो. वाकताना पत्रा बाहेरून ताणला जातो आणि आतून दबतो. मध्ये कुठेतरी एक थर असा असतो की ज्याची लांबी बदलत नाही. तो आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे, तो आकडा म्हणजे के-फॅक्टर. सॉलिडवर्क्स सुरुवातीला 0.5 धरतं, इन्व्हेंटर 0.44. दोन्ही आकडे सॉफ्टवेअरवाल्यांचे आहेत, तुमच्या मशीनचे नाहीत.

2 मिमी पत्र्याची, बाहेरून 50 बाय 50 अशी काटकोनी पट्टी घ्या, आतली त्रिज्या 2 मिमी. के 0.5 धरला तर सपाट लांबी 96.71 येते, 0.44 ला 96.52, 0.33 ला 96.18. एका घडीला अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. चार घड्यांच्या जॉबमध्ये तोच फरक दोन मिलिमीटरवर जातो आणि भोकं जुळेनाशी होतात. जुने मिस्त्री आतल्या मापांची बेरीज धरायचे, इथे ती 48 अधिक 48, म्हणजे 96. त्यांच्या आडाख्याला हसण्याचं काही कारण नाही.

त्रिज्यासुद्धा ड्रॉइंगवरून ठरत नाही. प्रेस ब्रेकवर हवेत घडी घालताना ती मुख्यतः खालच्या व्ही-डायच्या रुंदीवरून ठरते. साध्या पोलादात रुंदीच्या साधारण 16 टक्के, स्टेनलेसमध्ये 20 टक्क्यांच्या आसपास. 2 मिमी पत्र्याला आठपट म्हणून 16 मिमीची डाय लावली की आतली त्रिज्या 2.6 च्या जवळ येते, फाइलमध्ये 2 लिहिलेली असली तरी.

तेव्हा खरा आकडा पत्र्याकडूनच घ्यावा. त्याच लॉटमधली बरोबर 100 मिमीची पट्टी कापायची, त्याच डायवर काटकोनात वाकवायची आणि दोन्ही बाजू बाहेरून व्हर्नियरने मोजायच्या. बेरीज 103.7 आली तर घडीमागे वजावट 3.7. सॉलिडवर्क्समध्ये ही वजावट थेट टाकता येते, के-फॅक्टरच्या वाटेला जावंच लागत नाही. एका पट्टीचा भंगार-खर्च नगण्य आहे. ब्लँक दीडशे किलोमीटरवर नागपूरला लेझरवर कापून आणायचं असेल तर चुकीचा खर्च नगण्य नसतो.

गैरसमज चौथा: गेज सांगितला की जाडी कळली.

आपल्या बाजारातला 22 गेज बहुधा ब्रिटिश मोजणीचा, म्हणजे 0.71 मिमी. अमेरिकी तक्त्यात 22 गेजचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा 0.85 मिमीचा. सॉफ्टवेअरसोबत येणारे तक्ते बहुधा अमेरिकी असतात. गेज निवडूच नये. पत्र्याच्या कडेला मायक्रोमीटर लावावा आणि मिलिमीटर टाकावेत.

गैरसमज पाचवा: हे काम फुकट सॉफ्टवेअरवर होत नाही.

होतं. फ्रीकॅडची 1.0 आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये आली. ते पूर्णपणे मोफत आहे आणि त्याला शीट मेटलचं वर्कबेंच जोडता येतं. त्यातलं 'अनफोल्ड' आयात केलेल्या ठोकळ्यावर थेट चालतं, अर्थात जाडी एकसारखी असेल तरच. फक्त के-फॅक्टर एएनएसआय पद्धतीचा की डीआयएन पद्धतीचा, असं ते विचारतं, तिथे जपून. डीआयएनचा आकडा दुप्पट असतो, एएनएसआयचा 0.44 तिकडे 0.88 होतो. आकडा एका पद्धतीचा आणि खूण दुसऱ्या पद्धतीवर, असं झालं की सगळी मापं गडबडतात आणि चूक लवकर सापडत नाही.

शेवटचा टप्पा डीएक्सएफचा. लेझरवाल्याकडे ही फाइल जाते आणि तिच्यात एककाची नोंद असेलच असं नाही. इंचातली फाइल मिलिमीटर समजून उघडली तर जॉब 25.4 पटींनी लहान दिसतो. ही चूक लगेच दिसते, म्हणून तिचं फारसं भय नाही. घडीच्या रेषांचं आहे. त्या कापायच्या रेषांच्याच लेअरवर राहिल्या तर लेझर त्याही इमानेइतबारे कापून टाकतो. फाइल पाठवण्याआधी त्या वेगळ्या लेअरवर टाकाव्यात किंवा काढून टाकाव्यात, आणि कोणती घडी वर, कोणती खाली, हे सांगणारं कागदी ड्रॉइंग सोबत द्यावं. सपाट ब्लँक हातात आला की हे त्याच्याकडे बघून कळत नाही.