वेलचेरीचा पाऊस आणि रुंद टायर : ऋतूनुसार टायर बदलण्यामागचे शास्त्र

वेलचेरी (चेन्नई) : ईशान्य मोसमी पावसाचा जोर वाढण्याचा इशारा मिळताच दक्षिण चेन्नईतील वेलचेरी आणि पल्लीकरणै परिसरातील मोटारी उड्डाणपुलाची वाट धरतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये हवामान विभागाने चेन्नई व लगतच्या जिल्ह्यांसाठी अतिवृष्टीचा लाल इशारा दिला, तेव्हा वेलचेरीच्या उड्डाणपुलावर कडेला मोटारींची लांबच लांब रांग लागली होती. अशा वाहनधारकांना दंड केल्याच्या वृत्ताचा वाहतूक पोलिसांनी त्या वेळी इन्कार केला. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात पल्लीकरणैतील एका निवासी संकुलातून मोटारी वाहून जातानाची दृश्ये देशभर पाहिली गेली होती. रहिवाशांची ही धास्ती त्या अनुभवातून आलेली आहे.

उंचावर नेऊन ठेवलेली गाडी बुडण्यापासून वाचते. मात्र पाऊस ओसरल्यावर तीच गाडी ओल्या, पाणी साचलेल्या रस्त्यावर उतरते आणि तेथे तिची सारी भिस्त टायरवर असते. थंड देशांत हिवाळा आला की टायर बदलण्याची प्रथा आहे. चेन्नई, मुंबई किंवा कोकणात ऋतू बदलतो तो पावसाने. मग येथे टायरचा विचार कसा करावा, हा प्रश्न सर्वच वाहनधारकांचा आहे. पण रुंद टायरच्या, जमिनीलगत बसणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तो अधिक गंभीर ठरतो.

हिवाळी टायर वेगळा कशामुळे?

फिनलंडमधील नोकिया शहरातील कारखान्यात १९३४ मध्ये बर्फासाठी खास मालमोटारींचा टायर तयार झाला आणि १९३६ मध्ये मोटारींचा. आजच्या हिवाळी टायरची ओळख दोन गोष्टींवरून पटते. पहिली, त्याचे रबर. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीतपणाला घट्ट चिकटत नाही. हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही लवचिक राहते. दुसरी, त्याची नक्षी. टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फात रुततात आणि पकड देतात. अशा टायरवर तीन शिखरे व हिमकण यांचे चिन्ह असते. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर योग्य टायर बंधनकारक आहेत आणि ऑक्टोबर २०२४ पासून तेथे हे चिन्ह असलेलेच टायर ग्राह्य धरले जातात.

स्पोर्ट्स कारसोबत येणारे टायर बहुधा उन्हाळी, वेगासाठी बनवलेले असतात. त्यांवर बर्फात गाडी नेली तर शक्तिशाली इंजिन उपयोगी पडण्याऐवजी घात करते, कारण चाके जागीच फिरतात आणि ब्रेक लावला तरी गाडी घसरत राहते. म्हणूनच युरोपात अशा गाड्यांना हिवाळ्यात चारही टायर बदलले जातात. केवळ इंजिनची ताकद मिळणाऱ्या दोन चाकांचे टायर बदलले, तर उरलेली दोन चाके आधी पकड सोडतात आणि वळणावर गाडीचा तोल जातो. निर्मात्याची परवानगी असेल तर हिवाळ्यासाठी थोडे अरुंद टायर निवडले जातात. तेवढेच वजन कमी रुंदीवर पडल्याने टायर बर्फाचा मऊ थर कापून खालच्या घट्ट पृष्ठभागापर्यंत पोहोचतो.

भारतात हा प्रश्न हिमालयापुरता आहे. काश्मीरमध्ये तंगमर्ग ते गुलमर्ग रस्त्यावर बर्फ पडल्यावर चाकांना साखळ्या लावण्याची सूचना दिली जाते. स्पोर्ट्स कारमध्ये चाक आणि त्यावरील कमान यांत जागा इतकी थोडी असते की अनेकदा साखळी बसतच नाही. शिवाय बर्फाचा थर गाडीच्या पोटाला लागतो. अशा गाडीने बर्फात जाणे टाळलेलेच बरे.

चेन्नईत हिवाळी टायर का नको?

मऊ रबर ओल्या रस्त्यावरही चांगले चिकटेल, असा समज होऊ शकतो. पण चेन्नईत पारा कधीच ७ अंशांपर्यंत उतरत नाही. उष्ण डांबरावर हिवाळी टायरचे ठोकळे डगमगतात, ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर वाढते आणि टायर झपाट्याने झिजतो. पावसाळी शहरासाठी लागतो तो खोल, रुंद खाचांचा आणि ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा उन्हाळी टायर. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचना काढून टायरसाठी घर्षणरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांची मानके बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे नवा टायर घेताना ओल्या रस्त्यावरील पकडीची चौकशी ग्राहकाने आवर्जून करावी.

शर्यतींच्या जगात हा फरक ठळक दिसतो. कोरड्या मार्गावरचा टायर पूर्ण गुळगुळीत असतो. पाऊस आला की खाचांचा वेगळा टायर चढवला जातो. फॉर्म्युला वनच्या मुसळधार पावसासाठीचा टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाला सेकंदाला ८५ लिटरपर्यंत पाणी बाजूला फेकू शकतो, असे निर्माती कंपनी पिरेली सांगते. रस्त्यावरच्या गाडीला अशी अदलाबदल मिळत नाही. तिच्या एकाच टायरला एप्रिलचे ऊन आणि नोव्हेंबरचा पाऊस दोन्ही सोसावे लागतात.

टायर पाण्यावर तरंगतो तेव्हा

ओल्या रस्त्यावर टायरला दोन कामे एकाच वेळी करायची असतात : समोरचे पाणी खाचांतून बाहेर काढायचे आणि उरलेल्या भागाने रस्ता धरायचा. वेग वाढला की पाणी बाहेर पडायला वेळ पुरत नाही. टायरपुढे पाण्याची पाचर तयार होते, ती टायरखाली शिरते आणि टायर रस्त्यावरून उचलला जातो. यालाच अ‍ॅक्वाप्लॅनिंग म्हणतात. त्या क्षणी स्टिअरिंग हलके लागते आणि ब्रेकचा काहीच परिणाम होत नाही.

१९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवर प्रयोग करून याचे एक सूत्र मांडले. टायरमधील हवेचा दाब जितका कमी, तितक्या कमी वेगाला टायर तरंगू लागतो. या सूत्रानुसार ३६ पीएसआय दाबाला हा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर येतो. दाब २५ वर उतरला तर तो सुमारे ८३ वर येतो. मोटारीचे टायर विमानाच्या टायरपेक्षा वेगळे असल्याने हे आकडे ढोबळ आहेत, परंतु दिशा स्पष्ट आहे. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याची अनेकांची सवय त्यामुळे उलटी पडते.

रुंद टायरचा तोटा येथेच दिसतो. मध्यभागी सापडलेल्या पाण्याला बाजूला जाण्यासाठी लांब अंतर कापावे लागते आणि गाडीचे वजन मोठ्या क्षेत्रावर विभागले जाते. कोरड्या रस्त्यावर जे बलस्थान, तेच साचलेल्या पाण्यात दुबळेपण ठरते. बर्फात अरुंद टायर सरस ठरण्यामागचे कारणही याच जातीचे आहे.

झीज आणि वय

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे छोटे उंचवटे दिलेले असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे टायर गोटा झाला आणि बदलण्याची वेळ टळून गेली. नव्या टायरच्या खाचा साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असतात. पाणी वाहून नेण्याची क्षमता त्या मानाने आधीच घटत जाते. म्हणून पावसाळी भागात कायदेशीर किमान मर्यादेची वाट न पाहता ३ मिलिमीटरच्या आसपासच टायर बदलणे शहाणपणाचे.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. अशी गाडी वर्षाला फार थोडी चालते. त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते. पण चेन्नईच्या उन्हात उभ्या राहिलेल्या टायरचे रबर वर्षागणिक कडक होते आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी होते. टायरच्या बाजूवरील चार अंकांवरून त्याचे वय कळते. उदाहरणार्थ, २३२१ म्हणजे २०२१ मधील २३ वा आठवडा. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, असा टायर उद्योगाचा सल्ला आहे. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जात राहते आणि वेग कमी करून तिला सावरता येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते.

टायरचीही मर्यादा

रस्त्यावर पाण्याचा थर असेपर्यंतच टायर उपयोगाचा. पाणी गुडघ्याकडे चढू लागले की हिशेब बदलतो. साधारण ४ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद गाडीचा तळ सुमारे ६.८ चौरस मीटरचा असतो. पाणी तळाच्या वर प्रत्येक १० सेंटिमीटर चढले की गाडीला सुमारे ६८० किलो उचल मिळते. म्हणजे १००० किलोची गाडी, आत पाणी शिरण्यापूर्वी, तळाच्या वर १५ सेंटिमीटर पाण्यातही तरंगू लागते. स्पोर्ट्स कारचा तळ रस्त्यापासून जेमतेम १२ सेंटिमीटर उंच असल्याने पाणी तिच्यापर्यंत आधी पोहोचते.

वेलचेरी सखल आहे. शेजारच्या पल्लीकरणै पाणथळीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. दक्षिण चेन्नईच्या मोठ्या भागाचे पाणी निसर्गतः तिकडेच उतरते. पाणथळीचा विस्तार बांधकामांनी आक्रसला आणि पाणी रस्त्यांवर व तळमजल्यांत रेंगाळू लागले. चांगल्या टायरने हा प्रश्न सुटत नाही.

पाण्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. हवेच्या मार्गाने आत शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि इंजिनचे दांडे वाकतात. असे नुकसान सर्वसमावेशक विम्यातही सहसा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. केवळ तृतीय पक्ष विमा असेल तर पुराची भरपाई मिळत नाही.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बंद गाडीत अडकून काहींचा जीव गेला होता. पाणी दाराच्या खालच्या कडेला लागत असतानाच काच खाली करून बाहेर पडावे. विजेवर चालणाऱ्या काचा व कुलपे पाण्यात निकामी होऊ शकतात, हे लक्षात ठेवावे.

वेलचेरीसारख्या भागात ऑक्टोबर लागण्यापूर्वी टायरच्या खाचांची खोली, वय आणि थंड टायरमधील हवेचा दाब तपासणे, पाऊस सुरू असताना वेग कमी ठेवणे आणि पाणी साचल्यावर गाडी रस्त्यावर न काढणे, एवढी तयारी बहुतेकांना पुरेशी आहे. स्पोर्ट्स कारच्या मालकाने यात एक भर घालावी : गुळगुळीत, शर्यतीच्या धाटणीचे टायर असतील तर ते डिसेंबर सरेपर्यंत उतरवून ठेवावेत.