पात्रवर्ग-समतोल

संगणकजालावर अनेकांनी मिळून खेळावयाच्या भूमिकाप्रधान खेळांत योद्धा, मांत्रिक, उपचारक इ. पात्रवर्गांच्या हाताळणीतील गुंतागुंत व त्यांची वाढीची क्षमता यांत घातलेला मेळ. या प्रश्नाचे मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्स (१९७४) या अमेरिकन बैठ्या खेळात आढळते. त्यातील मांत्रिकास प्रारंभी एकच मंत्र वापरता येई; वरच्या पातळ्यांवर मात्र तो योद्ध्यास मागे टाकी. म्हणून दुसरी पातळी गाठण्यास योद्ध्याला २,०००, तर मांत्रिकाला २,५०० अनुभवगुण लागत. २००० मधील तिसऱ्या आवृत्तीत हे कोष्टक सर्व वर्गांना समान करण्यात आले.

एव्हरक्वेस्ट (१९९९) या ऑनलाइन खेळात पॅलाडिन, रेंजर यांसारख्या संमिश्र वर्गांची प्रगती आरंभी मंद ठेवली होती. अनुभवगुण गटात वाटले जात असल्याने तिची झळ सोबत्यांनाही लागे व अशा पात्रांना गटात घेण्यास ते नाखूश असत. पुढे हा नियम रद्द झाला.

सर्वोच्च पातळी गाठल्यावर आरंभीची दुर्बलता संपते, सामर्थ्य मात्र कायम राहते. त्यामुळे केवळ विलंबाने समतोल साधत नाही. अवघड वर्गास अधिक फळ न मिळाल्यास तो फारसा निवडला जात नाही; फार मिळाल्यास सोपा वर्ग नवशिक्यांपुरताच उरतो. यास्तव सामान्य व निष्णात खेळाडूंची कामगिरी वेगवेगळी तपासावी लागते. एखाद्या फेरबदलाने महिनोन्महिने वाढविलेल्या पात्राचे मोल एकाएकी घटू शकते. म्हणून असे बदल लहान टप्प्यांनी करणे इष्ट ठरते.